पितळ जिंकतं की चांदी

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, काका, तिचा एक पाय टेबलाला लागतो आणि सगळं हलतं. इकडे बसा, खिडकीपाशी. आणि तो पंखा जरा बंद करता? माहितीय हो, जून आहे, नोएडातला जून आहे — पण दहाच मिनिटं. वाऱ्याने आकडा नाचतो. बाबा येतीलच आता, कचोरी आणायला गेलेत. मी म्हटलं ऑर्डर करते, घरी येईल, तर म्हणे दिनकरला डब्यात घाम आलेली कचोरी द्यायची नाही. तुमच्यासाठी काहीही करतील ते. तुम्ही चहा घ्या. मी बोलत बोलत हे उरकते — नाही, बारीक नाही झाले, दमलेय. आठवडाभर ऑफिसात स्लाइड बनवायच्या, येता-जाता दीड-दीड तास मेट्रो, आणि रविवारी हे.

हे म्हणजे काय? वजनकाटा, काका. एवढुसाच, मोबाइलएवढा, पण ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. साबणासाठी. हसताय काय, दिवाळीत नीलमकाकूंना वाळ्याचा दिला होता तो मीच केलेला — अच्छा, संपलासुद्धा? बघा. तर साबणात सगळा खेळ मापाचा. तेल किती, त्याला कॉस्टिक सोडा किती — कॉस्टिक जास्त झालं तर कातडी सोलते, कमी झालं तर साबण होतच नाही, नुसता गोळा. वर्षभर माझे साबण झकास झाले. एकही बिघडला नाही. आणि या वेळी — तो ट्रे बघा, त्या कपड्याखाली, दाबून बघा बोटाने — पंधरा दिवस झाले, अजून लोण्यासारखा. का? मी चार रात्री डोकं खाजवलं. मग कळलं. दरवेळी मी तेलही याच काट्यावर मोजायचे आणि कॉस्टिकही. या वेळी तेलाचा एक किलोचा सीलबंद डबा आणला आणि कंटाळा करून अख्खा ओतला, न मोजता. म्हणजे तेल खरं एक किलो गेलं आणि कॉस्टिक गेलं या काट्याच्या हिशेबाने. काटा चुकीचा आहे, काका. वर्षभर चुकीचा होता. पण सगळंच त्याच्यावर मोजलं की सगळं सारखंच चुकतं ना — मग प्रमाण बरोबर राहतं, कुणाला पत्ता लागत नाही. बाहेरून एक खरा किलो घरात आला आणि बिंग फुटलं.

थांबा हं, हे खाली वर्तमानपत्र घालते, टेबलाला उतार आहे. हं. आता दोन मिनिटं नुसता चालू ठेवायचा, गरम होऊ द्यायचा. आधी म्हटलं नाण्यांनी तपासू — तर पाच रुपयांची तीन नाणी निघाली पर्समधून आणि तिघांची तीन वजनं, एक जाडजूड, एक पिवळं, एक नवं. कुणावर भरवसा ठेवणार? मग काल करोल बागेत गेले, सोनारांना काटे-वजनं विकतात ना त्या गल्लीत, आणि हे आणलं. शंभर ग्रॅम. पितळेचं, वर सरकारी शिक्का, सोबत कागद. हाताने धरायचं नाही, घाम लागतो — हा चिमटा.

आणि आता गंमत. मागच्या वर्षी काटा आला तेव्हा त्याला एकदा खरं वजन दाखवून जुळवायचं होतं, आणि तो मागत होता शंभर ग्रॅम. स्क्रीनवर लुकलुकतोय, शंभर, शंभर. घरात नेमकं शंभर ग्रॅमचं काय असतं हो? तेव्हा बाबाच म्हणाले, अगं, वेडी आहेस का, कपाटात आहे की! आणि काढून दिलं — तुमचं नाणं. म्हणजे त्यांच्या निरोप समारंभाचं. तेच, मखमलीच्या डबीतलं, बाबासाहेबांच्या फोटोखाली असतं ते. 'शुद्ध चांदी, १०० ग्रॅम' आणि मागे बाबांचं नाव. दर चौदा एप्रिलला बाहेर काढून पुसतात, आल्या-गेल्याला दाखवतात. ऑफिसची एक टाचणी मी घरी आणली नाही, म्हणतात, चौतीस वर्षांत ही एवढीच वस्तू आणली. तर त्या नाण्यावर मी काटा लावला होता. म्हणून आज सकाळी म्हटलं, बाबा, काटा बिघडलाय, पुन्हा लावते, या वेळी पितळेच्या वजनावर. तर केवढे चिडले! म्हणे, माझी चांदी सोडून करोल बागेतलं पितळ? दिनकर येतोय ना आज, त्यानेच आणलं होतं नाणं, त्याच्यासमोरच बघू पितळ जिंकतं की चांदी. तुझं पितळ उघडं पाडतो की नाही बघ! लहान मुलासारखे खूश होते. कचोरीचं खरं कारण ते आहे. तमाशाला प्रेक्षक पाहिजे, नाश्ता पाहिजे.

झालं गरम. आता हे बटण धरून ठेवायचं... शून्य... आता शंभर मागतोय. वजन ठेवते. श्वास धरा — तुम्ही नाही हो, मी. इंग्लंडात शिकायला होते ना, तिथे लीड्सला आमच्या लॅबमध्ये काट्याची वेगळी खोली होती, दगडी ओटा, आत गेलं की बोलायचंसुद्धा नाही. मला फार आवडायची ती खोली. देऊळ-बिऊळ मला नाही कळत, पण तसं काहीतरी वाटायचं. इथे काही खोटं टिकणार नाही, असं. मी चोवीस वर्षांची होते, वाटायचं हे एवढं जरी घरी घेऊन गेले — आपल्याकडे प्रत्येक शाळेत एक खरा काटा, प्रत्येक पोराच्या वहीत स्वतः मोजून लिहिलेलं एक पान — तर देश बदलेल. लिहिलं होतं मी तसं, तिकडे जायच्या अर्जात. पास! बघा, 'पास' आलं. शंभर पूर्णांक शून्य शून्य. आता हा खरं बोलतो.

बाबा सगळ्यांना सांगतात ना, पोरगी देशासाठी परत आली? तुम्हालाही सांगितलं असेल. हो... आले तर आले. तसं नाही — म्हणजे तसंही आहे. तिथे एक परीक्षित म्हणून होता, सोलापूरचा, माझ्यासारखाच. मी आजारी पडले की खिचडी करून आणायचा. त्याच्या काट्याची तपासणी चुकलेली होती, आठ महिने, आणि ते मला दिसलं. मी त्याला नाही सांगितलं. सरळ वर लिहून कळवलं. नियमच तसा होता, मी बरोबर होते, बिल्कुल बरोबर, सगळ्यांनी मान्य केलं. त्याचे आठ महिने कचऱ्यात गेले आणि मुदत वाढवून मिळाली नाही. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर माझ्याशेजारी कुणी बसेना. एकही जण. मी चार महिने एकटी जेवले, काका, आणि मग सामान बांधलं. देशासाठी. हे का सांगतेय मी तुम्हाला? बाबांना नका सांगू, यार. ते आपले... जाऊ दे.

चला, ते यायच्या आत एकदा नाणं टाकून बघू, म्हणजे त्यांच्यासमोर फजिती नको. मला वाटतं शंभरला दोन-चार दशांश कमी भरेल, पुसून पुसून झिजलं असेल. चिमट्याने... हं.

अरे.

थांबा. पुन्हा. पंखा बंदच आहे ना? पुन्हा ठेवते.

चौऱ्याऐंशी पूर्णांक सात.

पितळ ठेवते परत — शंभर. नाणं — चौऱ्याऐंशी सात. काका, ही चांदी नाही. आकार चांदीच्या शंभर ग्रॅमचा आहे अगदी, पण धातू हलका आहे, जर्मन सिल्व्हर असेल, वरून मुलामा. फसवलं हो तुम्हाला! तुम्हाला, बाबांना, तुमच्या सगळ्या सेक्शनला. काटा बिघडलाच नव्हता, बिचारा मी सांगितलं ते धरून बसला होता. बाबांना धक्का बसेल, पण सांगायला हवं, आणि सोडायचं नाही त्या दुकानदाराला. ग्राहक मंचात जाऊ, मी लिहून देते, सगळं मी करते. बिल असेल ना तुमच्याकडे? सहा वर्षं झाली, पण तुम्ही तर विजेची बिलंसुद्धा ठेवता, काकू हसतात तुम्हाला. निदान दुकानाचं नाव?

काका?

बिल नाही. अच्छा. घेतलंच नव्हतं, की... ओळखीचा माणूस. हं. वर्गणीत पन्नासच ग्रॅमचं येत होतं. पण बाबांना, तुमच्या विश्वासला, पन्नासचं? — बरोबर, तुमचा मुद्दा बरोबर, चौतीस वर्षं एका टेबलावर बसलेल्या माणसाला पन्नासचं कसं द्यायचं. आणि तो म्हणाला, बिलाशिवाय घ्या, तेवढ्याच पैशात शंभरचं देतो. मी बघितला होता तो समारंभ, व्हिडिओ कॉलवर. कोपर्निकस मार्गावरच्या त्या हॉलमध्ये, बाबांनी नाणं कॅमेऱ्यासमोर इतकं जवळ धरलं की मला नुसतं पांढरं दिसलं. मागे तुम्ही टाळ्या वाजवत होतात. खरंच खूश होतात. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, ते कळतंय मला.

मग कधी कळलं?

आठवड्यात. अच्छा. त्याच माणसाकडून घरासाठी एक घेतलंत आणि काकूंनी सोनाराला दाखवलं. आठवड्यात. आणि सहा वर्षं तुम्ही दर चौदा एप्रिलला इथे येताय, आणि बाबा ते तुमच्या हातात देतात, आणि तुम्ही पुसून परत डबीत — नका, काका. नका ना. रुमाल देऊ? पाणी घ्या. पन्नासचं दिलं असतंत तरी त्यांनी असंच पुसलं असतं. हे बोलायला नको होतं मी. बसा. उठू नका, कुठे निघालात, कचोरी आणताहेत ते तुमच्यासाठी.

मला काय करायचं ते माहितीय हो. चांगलं माहितीय. लिहून कळवायचं. त्याचंच तर शिक्षण घेतलं. आणि बाबा तुम्हाला म्हणतील, जाऊ दे दिनकर, होतं असं. आणि पुढच्या रविवारी कचोरी आणायला जाणार नाहीत. आईसुद्धा नागपूरला आहे महिनाभर; मी ऑफिसात, ते इथे एकटे, या टेबलावर जेवत.

पंखा चालू नका करू. अजून नको. मला हे बटण परत धरायचंय. ... शून्य. आता मागतोय शंभर. नाणं ठेवते. बघू नका माझ्याकडे.

पास.

हं. शंभर पूर्णांक शून्य शून्य. घ्या, तुमचं नाणं बरोबर आहे. आणि हे पितळ या काट्यावर आता ठेवलं तर एकशे अठरा दाखवेल, म्हणून ते इथे नको. तुम्ही करोल बागेकडेच राहता, घेऊन जा. मी बाबांना सांगेन, करोल बागेतलं वजन खोटं निघालं, काकांच्या हाती परत पाठवलं. हसतील मला. म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो? महिनाभर म्हणतील. साबण मी आता नाही करणार, तसाही कंटाळाच आलाय.

कागदासकट घ्या. शर्टाच्या नको, पँटच्या खिशात, आत. हाताने धरा हो, आता काही फरक पडत नाही.

लिफ्ट वाजली. डोळे पुसा, काका. पंखा लावा, आणि दार तुम्हीच उघडा.