वर्लिनचं जांभळं प्रवाळ

ओहायोतल्या आमच्या क्लबात सगळे घरी काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवतात; फांदीचा तुकडा लावला की नवं प्रवाळ वाढतं, आणि अशा तुकड्यांची अदलाबदल चर्चच्या तळघरात भरते. रांगेत माझ्यापुढे वर्लिन आणि त्याची बायको डोरीन उभी होती. वादळात वीज गेली आणि वर्लिनच्या टाकीतलं सगळं मेलं, हे क्लबभर माहीत झालं होतं.

वर्लिन म्हणत होता, "माझं जांभळं प्रवाळ आता कुठलं मिळायला! अख्ख्या क्लबात माझ्या एकट्याकडे होतं."

"तुकडे वाटले असतेस तर?"

"कुणाला? या लोकांना? आठवड्यात मारून टाकतील."

"अरे, पण नियम तूच केलास ना? तुकडा फुकट न्यायचा, वाढवायचा आणि दोघांना द्यायचा."

"तो साध्या प्रवाळांसाठी. दुर्मीळ वस्तू वाटत सुटलं की ती दुर्मीळ राहते का?"

दार उघडलं.

"डोरीन! ते बघ, माझं जांभळं! त्या टेबलावरही! अगं, सगळीकडे आहे! कुणी चोरलं?"

"हळू बोल, चर्च आहे."

"एक मिनिट. माझ्या फांद्या गायब व्हायच्या, तेव्हा तू म्हणायचीस, टाकीतला खेकडा तोडतो."

"म्हणायचे खरी."

"म्हणजे तू कापायचीस?"

"हो, आणि इथे वाटायचे. बरं झालं ना? घे आता एक तुकडा. वाढला की दोघांना द्यायचा."

"माझंच प्रवाळ मला, आणि वर अट?"

"तुझीच अट."

"आणि तो खेकडा मी उगाच घराबाहेर काढला!"

"उगाच कसा? क्लबला दिलास की. तू आपल्या हातानं दिलेली तेवढीच एक वस्तू."