वर ऊन, खाली धुकं

हॅलो? … हो, रेस कंट्रोल. … अगं, मीच बोलतेय, चिंगे. … नाही, आवाज नीट येतोय. तूच ओरडतेयस.

हो, बघतेय ना. समोरच्या भिंतीवर अख्खा ट्रॅक दिसतोय मला. ऊन आहे, लख्ख ऊन. लोकांनी कोट काढून मांडीवर घेतलेत. … ऐकू येतायत शिट्ट्या. मारू देत. तिकीट काढून आलेत बिचारे.

नाही, शर्यत सुरू नाही करता येणार. … अगं, ऐक ना. … आधी ऐकून तर घे! हेलिकॉप्टर उडत नाहीये. … इथून उडेल गं. उतरणार कुठे? हॉस्पिटल खाली खोऱ्यात, आणि खोऱ्यात धुकं बसलंय सकाळपासून. हॉस्पिटलच्या गच्चीवर कॅमेरा आहे, तो दिसतो मला इथे. नुसतं पांढरं. कठडासुद्धा दिसत नाही. … पायलट म्हणतो, मी उतरणार नाही. आणि मी त्याला आग्रह करणार नाही.

माहितीये तुला नियम. … मग पुन्हा सांगते. कोणी भिंतीवर आपटला, तर तो वीस मिनिटांच्या आत ऑपरेशनच्या टेबलावर पोचला पाहिजे. हवेतून नाहीतर रस्त्याने. आत्ता हवेतून जमत नाही, आणि रस्त्याला अर्धा तास लागतो. म्हणून गाड्या उभ्या. … हो, चाकांना गरम पांघरुणं घालून उभ्या आहेत. मेकॅनिक लोक पत्ते खेळतायत.

… किती? अठरा?

थांब, थांब. अठरा मिनिटं कोणी मोजली? … तुमच्या लोकांनी? कधी? … आत्ता तासाभरापूर्वी? आणि मला न विचारता? … नाही, रागावत नाहीये. आनंदच आहे. रस्त्याने अठरा मिनिटांत जाता येत असेल तर मी आत्ता हिरवा दिवा देते, माझ्या पोटात का दुखेल? फक्त एक सांग. आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर इथे जिन्याखाली सँडविच खातोय. मला दिसतोय तो. मग गाडी चालवली कोणी?

चिंगे. कोणी चालवली?

… तुफान?

नाही, हसत नाहीये. … बरं, हसतेय. अगं, जगज्जेता नेऊन बसवलास अँब्युलन्सवर! … मोकळाच होता म्हणजे? रिटायर झालाय, तुमच्या कंपनीच्या जाहिरातीत हात हलवत फिरतो, ते मलाही ठाऊक आहे. पण पाय अजून तोच आहे ना त्याचा! ती अठरा मिनिटं तुफानची झाली. अँब्युलन्सची नव्हे.

आणि मागे कोण होतं? … स्ट्रेचरवर गं. … कुणीच नाही. म्हणजे रिकामी.

अगं, फरक पडत नाही काय? बसलेला माणूस वळणावर स्वतःला सावरतो. हाताने धरतो, पायाने रेटतो. आडवा बांधलेला कशाने सावरणार? पट्टे धड धरून ठेवतात. पण आतलं सगळं, रक्त, पोटातले अवयव, मोडलेलं हाड, ते वळणाबरोबर सरकतच. कणा मोडलेला माणूस तुफानच्या हाती दिला तर तो वेळेत पोचेल. कुठल्या अवस्थेत, ते विचारू नकोस.

… हं. … हं. बोल, ऐकतेय.

माहितीये. तीन वाजेपर्यंत सुरू झाली नाही तर वाहिन्या दुसरं काहीतरी दाखवायला घेतील. … आणि संध्याकाळचा करार? … सगळ्याच वाहिन्या? की दोनच? … सगळ्या. … अच्छा. म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांचं प्रक्षेपण आजच्या सहीवर लटकलंय.

… असं म्हणाले तुमचे अध्यक्ष? तोंडावर? … काय शब्द होते नेमके? … "प्रभारी आहात, विसरू नका." वा. आणि करार झाला नाही तर कंपनीतली तुझी खुर्ची त्यांच्या जावयाला. … नाही, मला पटतंय तुझं. तू दोन वर्षं राबलीयेस त्या करारासाठी. दहा संघांच्या दहा मालकांना एका टेबलाशी बसवणं म्हणजे काय असतं, ते मी बघितलंय. एकाला पाणी दिलं की दुसरा रुसतो.

आईला कशाला मध्ये आणतेस? … टीव्हीसमोर बसलीये? … सकाळपासून? तिला सांग, जेवून घे. … नाही, मी नाही फोन करणार. ती मला विचारणार, धाकटीचं ऐकलंस तर काय बिघडतं. लहानपणापासून तेच वाक्य आहे तिचं.

… नाही. … नाही, चिंगे. बहीण म्हणून तर मुळीच नाही. बाहेर काय बोलतात ठाऊक आहे ना तुला? शर्यत विकते धाकटी, चालवते थोरली, सगळा घरचा कारभार. मी तुझ्या कितीतरी आधीपासून या खुर्चीत आहे, पण ते कोण लक्षात घेतंय? … शर्यत विकायचा हक्क तुझ्या कंपनीचा. कोणाला, केवढ्याला, मी कधी विचारलंय? सुरू कधी करायची, ते मी ठरवते. शर्यतीच्या मंडळाने ही दोन टेबलं वेगळी ठेवलीत, ती आपण दोघी भांडतो म्हणून नाही.

… मग सांग मंडळाला, काढा हिला. … खरंच सांग. ते बैठक बोलावतील, चहा मागवतील, कोणाचा तरी मुद्दा राहून जाईल. तीनच्या आत काही होणार नाही.

… रडतेयस का तू?

बरं. नाही रडत. सर्दी झालीये. … ऐक. ऐक ना जरा. रस्ता मोकळा आहे का अजून? … पोलिस आहेत उभे? कोपऱ्याकोपऱ्यावर? … मग पुन्हा धावून बघू. आमचा ड्रायव्हर, आमच्या डॉक्टरीणबाई, आणि मागे माणूस बांधलेला. वीसच्या आत पोचली तर त्याच क्षणी सुरू करते. कोणाला विचारणार नाही. … हो, मी. माझ्या सहीने.

वाळूची पोती नकोत. पोत्याला काही होतंय का, ते पोतं सांगत नाही. … आमचं कोणी मोकळं नाही गं, सगळे आपापल्या वळणावर उभे आहेत. तुझ्याकडचा कोणीतरी दे. त्या जाहिरातवाल्या पोरांपैकी…

… तू?

अगं, पण… तू त्या नव्या कोटात आहेस ना? … नाही, माझी हरकत नाही. चाचणीच्या नियमात माणसाचं वजन लिहिलंय, हुद्दा नाही. … तू तलावात आधी उडी मारायचीस आणि खोली नंतर विचारायचीस. … बरं, बरं. जा. फोन बंद करू नकोस.

… अहो, उत्तरेचं फाटक उघडायला सांगा. अँब्युलन्स जाणार आहे. … नाही, अपघात नाही. चाचणी. … आणि जिन्याखाली त्याला म्हणावं, ते सँडविच राहू दे आता.

… हं, बोल. चढलीस? … बांधलं? कपाळावरचा पट्टासुद्धा? … हात आत? मग फोन कोणी धरलाय? … डॉक्टरीणबाईंनी! त्यांना म्हणावं, आभारी आहे. … घट्ट आहे ना? तसाच असतो. … छत दिसतंय? हो, झोपलेल्याला छतच दिसतं.

घड्याळ माझ्या हातात आहे. निघा.

… काय? कोणाशी बोलतेयस? … "जोरात घ्या" म्हणालीस? … नाही, मी अडवणार नाही. तो ऐकेल तुझं, तू मोठी साहेब आहेस. घेऊ दे.

गेलात फाटकातून. दिसलात मला. … आता दिसत नाही, पुढचा रस्ता माझ्या कॅमेऱ्यात नाही. तूच सांग.

… पहिलं वळण? कसं आहे? … हं. … पट्टा रुततोय. कुठल्या बाजूने? … डाव्या. … उलटी होईलसं वाटतंय? तोंड वळवता येणार नाही, बाई बघतील ते. … नाही, घाबरवत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

… चांगली वेळ आहे. खरंच. या गतीने गेलात तर पोचाल वीसमध्ये. … हो, अगदी काठावर, पण पोचाल. मी इथे कोणाला अजून काही बोललेले नाही.

… दुसरं वळण? … काय झालं? … चिंगे? … अगं, ओरडलीस का? … मानेत? … किती दुखतंय? … तुझी मान धड आहे, म्हणून तू ओरडू शकतेस. … हो. हो. माहितीये. खरोखर आपटलेल्याची धड नसेल.

… हॅलो?

… हॅलो, चिंगे?

… डॉक्टरीणबाई, तिला फोन द्या ना. … कानाशीच आहे? मग बोलत का नाही ही?

… हं. … काय म्हणालीस? … मला नाही? मग कोणाला? … ड्रायव्हरला. काय म्हणालीस त्याला?

… हळू.

…

नाही, ऐकलं मी.

घड्याळ चालू आहे अजून. … कुठवर आलात? … पुलाच्याही अलीकडे? म्हणजे निम्मा रस्ता राहिलाय. … नाही. या गतीने नाही पोचणार. … आता मी घड्याळ थांबवतेय. तू सांगतेस म्हणून नव्हे. उत्तर मिळालं म्हणून. … हो. वीसमध्ये नाही होत.

… मला आनंद झालाय असं का वाटतं तुला? अगं, मी आत्ता मनातल्या मनात पूल ओलांडत होते तुमच्याबरोबर. मला शर्यत नकोय होय? … उद्या सकाळी? धुकं उठलं तर उद्या सकाळी. वाहिन्या नसतील पण. संघ धावतील, लोक बघतील, दाखवणारं कोणी नसेल. … अध्यक्षांचं मी काय सांगू? ते मला नाही सांगता येणार, चिंगे.

… कोण सांगणार वाहिन्यांना? तू? … इथे येईपर्यंत थांब की. … तिथूनच? झोपल्या झोपल्या? निदान पट्टे तरी सोडवून घे. … बरं. ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांग, आणि उठून बस. एकदम उठू नकोस, चक्कर येईल.

मी काय वाचणार? "खोऱ्यात धुकं असल्याने आज शर्यत होणार नाही." एवढंच. … नाही, तुझं नाव कशाला? निर्णय माझा आहे, शिव्याही मीच खाईन. … काय घालू? … "कंपनीच्या संमतीने"? … अगं, संमती लागतच नाही. नियमात कुठेही नाही ती. … अध्यक्ष तेच वाक्य धरून बसतील, कळतंय का तुला? संमती कोणी दिली, एवढंच विचारतील. मी ते वाक्य घातलं नाही तर तू म्हणू शकतेस, थोरलीने ऐकलं नाही. खुर्ची कदाचित राहील तुझी. … नीट विचार कर. …

… बरं.

… हो, बरं म्हटलं ना. घालते. … नाही, तुझ्यासाठी नाही. खरं आहे म्हणून.

अहो, माईक द्या इकडे. … आणि ते वाक्य बदला. "खोऱ्यात धुकं असल्याने" च्या पुढे "कंपनीच्या संमतीने" घाला. … हो, तेच. बरोबर ऐकलंत.

… आहेस ना? … मानेला बर्फ लाव. … ठेवते.