गोमुखातला बोळा आणि अप्पांचा राजीनामा

झोप लागणार कशी होती, तुम्हीच सांगा... आठ दिवस, डोळे मिटले की सभापतीच दिसायचे. भलतं काही मनात आणू नका हो, सभापती माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, गुरुपादप्पा त्यांचं नाव, सगळा तालुका अप्पा म्हणतो. तर अप्पा दिसायचे, त्यांच्यासमोर माझी चार वर्षांची रुद्राणी दिसायची, आणि ती तोंड उघडायची. बस, तिनं तोंड उघडलं की मी उठून बसायची. कारण पंचायत समितीच्या सभापतींना खुर्ची का सोडावी लागली, हे पेपरवाल्यांना ठाऊक नव्हतं, विरोधकांना नव्हतं, खुद्द अप्पांना नव्हतं. ठाऊक होतं फक्त दोघींना. एक मी, आणि दुसरी ही, जिला स्वतःचं नाक पुसता येत नाही, पण बोलता सगळं येतं.

संशय घेणं माझा स्वभाव नाही, पण पोटच्या लेकराकडं मी आठ दिवस फौजदारासारखी बघत होते.

मुळापासून सांगते. गेल्या वर्षी आमचा जिल्हा नवा झाला, लातूर वेगळं निघालं, उस्मानाबाद तिकडं राहिलं. कमानी उभारल्या, पेढे वाटले, आणि त्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. लोक म्हणायचे, टेबलं वाटून घेतली, जीपा वाटून घेतल्या, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्याच्या नावावर राहिला, त्याची फाईल यायची आहे. आमच्या गल्लीला टँकर आठवड्याला दोन, सोमवारी आणि गुरुवारी, घरटी दोन घागरी. आणि मी पडले बी.ए. झालेली बाई. पुस्तकात वाचलेलं, लहान मुलाला रोज आंघोळ घालावी. लिहिणाऱ्याला एकदा आमच्या गल्लीत आणून उभं करायला पाहिजे होतं. पोरीच्या मानेवर हे एवढं घामोळं, मी ओल्या फडक्यानं पुसायची आणि मनात म्हणायची, सिंधु, तू कसली गं आई, तुझ्यापेक्षा अडाणी बायका बऱ्या.

अशात अप्पांच्या मनात आलं महादेव कोंडायचं. जुनी रीत आहे आमच्याकडं. पाऊस रुसला की महादेवाचं गोमुख, म्हणजे अभिषेकाचं पाणी देवळामागं जिथून बाहेर पडतं ते तोंड, बोळा घालून बुजवायचं, आणि घरटी एक घागर ओतून गाभारा भरायचा, पिंडी बुडेपर्यंत. देव गुदमरला की ढग पाठवतो. आता घरटी घागर आणायची कुठून? पिण्याची मारामार. तर अप्पा म्हणाले, "घागरी कशाला, टँकर लावू की." देवळाचे जंगम स्वामी म्हातारे, ते हळूच म्हणाले, "अप्पा, घराघरातून पानी आलं तर देवाला लाज वाटते. टँकरची देवाला कसली आली लाज?" अप्पा म्हणाले, "स्वामी, तुमी मंत्राचं बघा. पान्याचं मी बघतो."

संशय घेणं माझा स्वभाव नाही, पण देव पाण्यात घातला तो पावसासाठी, का नव्या जिल्हा परिषदेतल्या खुर्चीसाठी? हे मी नाही म्हणत, शेजारच्या शिवगंगावहिनी म्हणाल्या. "पावसासाठीच कोंडायचा तर चैतापासून कोंडायचा हुता. मुंबईहून नावं निघायच्या टायमालाच कसा काय कोंडून राहिले?" बाई शाळेत गेलेली नाही, पण बघा डोकं.

आणि टँकर कुठला नेला? आमच्या गल्लीचा, सोमवारचा. आम्ही घागरी मांडून उभ्या, टँकर आमच्या समोरून हॉर्न वाजवत महादेवाकडं गेला, आणि माझ्या लेकीनं त्याला टाटा केला.

दुपारी रिकामी घागर तशीच कडेवर, एका हाताला पोरगी, देवळामागच्या लिंबाखाली जरा टेकले. गावात तेवढीच सावली. तर समोर गोमुख. बोळा घातलेला, त्यावर चिखल लिंपलेला, आणि त्यातून टप... टप... टप. रुद्राणीनं खाली हात धरला, चाटला. मी म्हटलं, हे तर वायाच जाणारं पाणी. बोळा जरासा सैल केला तर घागर लवकर भरेल. जरासाच. तो बोळा म्हणजे कुणाचं तरी जुनं धोतर होतं हो, टोक ओढलं तर ते येतच राहिलं, येतच राहिलं, मला वाटलं दुसऱ्या टोकाला तो माणूसच येतो की काय, आणि मग जे पाणी सुटलं... मी पुन्हा घालायला गेले, तर नऊ हात धोतर पाण्याच्या जोरापुढं आत जातंय होय? मग काय करायचं, बघत बसायचं? मी घर ते देऊळ, देऊळ ते घर, घागर झाली, बादली झाली, घमेलं झालं, पीठ मळायची परात झाली. आणि पोरगी गोमुखाखाली उभी, टाळ्या वाजवत न्हातीय. महिन्यानं न्हात होती ती. मी काय तिला बाजूला ओढणार होते?

दुसऱ्या दिवशी गाभारा कोरडा. अप्पांनी पुन्हा टँकर मागवला, गुरुवारचा, तोही आमचाच. या वेळी पोत्याचा बोळा, वर सिमेंट. पहिल्या वेळी चूक झाली असं म्हणता येतं. दुसऱ्या वेळी... दुसऱ्या वेळी मी उलथनं घेऊन गेले होते.

पण तिसरा टँकर मी सोडलेला नाही. रुद्राणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. मी कानाला खडा लावला होता, घराबाहेर पडले नव्हते. मग तिसरा कुणी सोडला? संशय घेणं माझा स्वभाव नाही, पण शिवगंगावहिनींच्या अंगणात त्या दिवशी सात लुगडी वाळत होती. दुष्काळात, सात.

मी म्हटलं, "वहिनी, लुगडी धुतली वाटतं?"

"धुतीय कशाला माय, धूळ झटकून टाकलेत. तुझी पोरगी लई उजळून राहिली की अलीकडं?"

"पावडर लावते."

"हाव का? चांगली हाय पावडर."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी आपापल्या घरात.

मग पेपरात आलं, 'तीन टँकर ओतले, तरी महादेव कोरडाच'. झालं. कुणी म्हणे देवानं अप्पांचं पाणी नाकारलं, कुणी म्हणे टँकर आलेच नाहीत, नुसते कागदावर आले, कुणी म्हणे विरोधी गटाच्या किशनरावांनी माणसं घालून बोळा काढवला. किशनराव नाही म्हणेनात आणि हो पण म्हणेनात, नुसते मिशीत हसायचे, फुकटचं श्रेय कोण सोडतो? लातूरहून साहेब आले, गाभाऱ्यात बॅटरी मारून बघून गेले, आणि अहवाल दिला की जमिनीखाली भेग असावी. मग रिकाम्या घागरींचा मोर्चा निघाला. शिकलेली बाई म्हणून मला सगळ्यांनी पुढं उभं केलं, आणि मी घोषणा दिली, "आमच्या गल्लीचं पाणी कुठं मुरलं?" मागून सगळ्यांत मोठा आवाज शिवगंगावहिनींचा.

दोन दिवसांनी मुंबईहून निरोप आला आणि अप्पांनी राजीनामा दिला. प्रकृतीच्या कारणास्तव. चौकात म्हणाले म्हणे, "दिलो न्हाई, घेतले. पन बोळा कुनी काढला ते हुडकल्याबगर ऱ्हानार न्हाई."

आता माझ्या घरचं ऐका. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. जिल्हा नवा झाला तशी मास्तरांची वाटणी चाललेली, काही इकडं, काही जुन्या जिल्ह्याकडं परत, आणि यांचं नाव निघालं होतं थेट परांड्याला, पार दुसऱ्या टोकाला. ते थांबलं तर अप्पांच्या शब्दावर थांबणार होतं. खुर्ची गेली म्हणून काय शब्द जातो? सगळे साहेब त्यांच्याच हाताखालून गेलेले. अप्पांना नुसतं कळलं असतं ना, तर आम्ही पेटी-वळकटी घेऊन परांड्याच्या गाडीत. आणि यांना बिचाऱ्यांना काही पत्ताच नाही, शाळेत सांगत फिरायचे, "आमची मंडळी पाणी फार जपून वापरते."

म्हणून मी पोरीची तालीम घ्यायची. कुणी काहीही विचारलं तर काय म्हणायचं? "मला माहीत नाही." शाब्बास, हा घे गूळ. पुन्हा म्हण. "मला माहीत नाही, गूळ दे." लेकराला खोटं शिकवते आहेस, सिंधु... हे पण मीच मला म्हणायची. आणि पुन्हा गूळ आणायची.

तर आज सकाळी अप्पा दारात. घरोघर फिरत होते, राजीनाम्यानंतर माणसं जोडायला. हे लगबगीनं उठले, बाज टाकली. अप्पा बसले, वाळलेले दिसले हो. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. एक घोट घेतला आणि म्हणाले, "गार हाय पानी. कुठलं?"

मी म्हटलं, "टँकरचं." खोटं बोलले का मी?

ह्यांनी घसा खाकरला. "अप्पा, ते परांड्याचं..."

"काढलो तुमचं नाव यादीतून, मास्तर. राजीनाम्यावर सही करायच्या आदी तेवढंच एक काम केलो. लहान लेकरू हाय तुमाला."

आता मी कुठं बघू? संशय घेणं माझा स्वभाव नाही, पण त्या घटकेला मला स्वतःशिवाय संशय घ्यायला कुणी उरलंच नाही. आणि अप्पा तांब्यात बघत म्हणाले, "पद गेलं त्याचं काय न्हाई बाई. पन तीन टँकर. कुनाच्या तरी तोंडात पडलं आसंल का ते? का मातीतच गेलं? तेवढं कळलं आसतं तर बरं झालं आसतं." माझ्या ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं, सांगून टाकावं, होऊ दे परांडा. पण शेजारी हे, आणि इतक्यात अप्पांनी रुद्राणीला मांडीवर घेतलं. "तुला ठावं हाय का गं माय, बोळा कुनी काढला?"

"मला माहीत नाही."

एक अक्षर इकडंतिकडं नाही. माझा जीव भांड्यात पडला, लगेच लाजही वाटली, आणि मी गुळाच्या डब्याकडं वळले. मागं अप्पा हसले, म्हणाले, "लई शानी हाय. बोल, काय देऊ तुला?" मी म्हटलं मागेल बाहुली, मागेल बिस्कीट, चार वर्षांचं लेकरू आणखी काय मागणार. आणि ती त्यांच्या मिशीला हात लावून म्हणाली,

"अप्पा, महादेव परत कधी कोंडणार? आमचं पाणी संपलं."