पाल कुठल्या वर्गात?

(कुंभकोणम्, १९९१. माडीवरची दुपार. हयग्रीव आणि त्याची थोरली बहीण वेदवती चटईवर. मध्ये हातानं काढलेला नकाशा आणि फासे.)

हयग्रीव : पुन्हा उठून खिडकीशी? अक्का, बस की एका जागी! गुहेत दोन वाटा आहेत, तू तलवार उपसून उभी. डावी की उजवी?

वेदवती : गुहेच्या भिंतीवर पाल आहे म्हणालास ना? तिला पुसते.

हयग्रीव : अय्यो, पालीला? सुंदररावमामानं अमेरिकेहून आणलेलं या खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे हे. सगळ्यांचे वर्ग ठरलेत त्यात. माणसं, राक्षस, मायावी जीव, प्राणी. पाल प्राण्यांत. बुद्धीला गुण एक. बोलत नाही.

वेदवती : मामाच्या पुस्तकाला काय ठाऊक! आपल्या पंचांगात पालीचं अख्खं पान आहे. कुठल्या दिशेला चुकचुकली की काय फळ, सगळं छापलंय. मायावीत घाल तिला.

हयग्रीव : नाही घालत! उद्या तू गाढवालाही वाट पुसशील.

वेदवती : हळू रे. खाली अप्पा पत्र लिहितायत.

हयग्रीव : मद्रासच्या मुलाकडच्यांना? होकाराचं?

वेदवती : हो. चारच्या टपालात पडायचं आहे. आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रातली नोकरी घेऊ नको म्हणतात ते लोक. सोमवारी रुजू व्हायचं होतं मला. एवढं सगळं ठरलं, पण मला कोणी पुसलंच नाही.

हयग्रीव : मग जाऊन सांग ना अप्पांना, नको म्हणून.

वेदवती : सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी ही आपल्या भिंतीवरची खरी पाल आहे ना, तिला म्हटलं, 'मी नको म्हणू का?' एकदा चुकचुकली असती तर तडक उतरले असते. तास झाला, बया गप्प!

हयग्रीव : सांगितलं ना, बुद्धी एक.

वेदवती : पाळीव प्राण्यांचं काय लिहिलंय रे?

हयग्रीव : धनी नेईल तिकडे जातात. त्यांचा फासा धन्यानं टाकायचा.

वेदवती : आणि माणसाचा?

हयग्रीव : ज्याचा त्यानं... अक्का, अशी काय बघतेस? खेळातलं आहे हे.

वेदवती : ठाऊक आहे. ऐक, अप्पा अम्माकडे पाकिटासाठी डिंकाची बाटली मागतायत.

हयग्रीव : अगं, निघालीस कुठे? पाल अजून गप्पच आहे!

वेदवती : असू दे. प्राणी आहे ती.