नावासकट

विल्नियसच्या थिएटरात नाटक संपलं आणि जमा केलेले कोट परत घ्यायला रांग लागली. माझ्यापुढे दोन कॉलेजच्या मुली होत्या, इथलीच उग्ने आणि बेलारूसहून शिकायला आलेली स्तासिया.

"तो तुरुंगातला शिपाई 'उभे राहा' म्हणून आपल्यावर ओरडला, तेव्हा तुम्ही सगळे हसलात."

"अगं, नाटकच होतं ना ते. तू मात्र ताडकन उठलीस, हात मागे घेऊन. अंगावर काटा आला माझ्या."

"मी मुद्दाम नाही उठले. तिकडे मिन्स्कला तुरुंगात होते ना, तेव्हा तशीच सवय लावली होती आम्हाला."

"म्हणून तर व्हिडिओ काढला तुझा. मध्यंतरात टाकलासुद्धा, नावासकट."

"काय केलंस?"

"लोक रडतायत बघून. कळू दे की सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? मिन्स्कच्या पोलिसांना? असल्याच एका व्हिडिओला नुसतं लाइक केलं म्हणून आमच्या शेजारच्या काकांना उचललं. तुला सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"मला वाटलं, तू आता इथे आहेस, तर कसली भीती."

"मी इथे आहे. माझी आई तिथेच आहे. काढ तो आधी."

"काढते गं, चिडू नकोस. उघडू तरी दे."

"काढलास का?"

"स्तासिया, तुझ्या आईने खाली बदाम टाकलाय."