योस्र रडली

स्फॅक्स शहरातल्या दवाखान्यात नातवाला लस टोचून घ्यायला आलेली मोंजिया बाकावर बसली होती. शेजारी एक सासू नि सून होत्या. सुनेच्या मांडीवर चार वर्षांची योस्र गप्प बसली होती. सासू मोंजियाला कौतुकानं सांगत होती.

"हिचा बाप निझार जहाजावर नोकरीला गेला, तेव्हा त्याच्यासाठी एक टिपूस गाळलं नाही हिनं. वाघीण आहे माझी!"

"सासूबाई, वाघिणीचे हात बघा, कसे गार पडलेत. आणि तो गेल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं तिचं."

"काहीबाही खात असेल."

"मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली होती ना? चेहरा शांत आणि काळीज नुसतं धडधडत होतं. म्हणाल्या, पोर घाबरते, पण कुणाला सांगत नाही."

"मी तर कौतुकच करते तिचं."

"न रडण्याचं करता. मीही तेच करत होते."

तेवढ्यात योस्रला लस टोचायला आत बोलावलं. तिघी आत गेल्या आणि दाराआडून एकदम किंकाळी आली.

"नको! मला भीती वाटते! बाबा का गेला? मला बाबा हवा!"

"रड, माझे राणी! अजून जोरात रड!" सुनेचा आवाज आला.

मोंजियाला राहवलं नाही. तिकडे लग्नात बायका जीभ हलवत काढतात तशी आनंदाची लांब किलकारी तिनं काढली, आणि सगळ्या बाकांवरच्या बायकांनी तिला साथ दिली.

दार उघडलं.

"सासूबाई, तुम्ही का रडताय?"

"गप्प बस. माझाही मुलगाच गेलाय ना!"