मोंटानात मक्याचा पंप नाही

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्यापासून केलेलं इंधनही मिळणाऱ्या एका पेट्रोल पंपावर आर्डिसबाई रिकामा कॅन घेऊन, रविवारच्या प्रार्थनेतलं शेवटचं भजन गुणगुणत रांगेत उभ्या होत्या. पुढं लायल आपल्या पिकअपच्या हौद्यातले कॅन एकामागून एक भरत होता, आणि त्याचा दोस्त ड्वेन कमरेवर हात ठेवून बघत होता.

"लायल, एवढं मक्याचं इथेनॉल कुणाला पाजणार आहेस?"

"गाडीला. मोंटानाला निघालोय, मार्लीसला लग्नाचं विचारायला. तिच्या गावाकडं हे मिळत नाही."

"मग तिकडं साधं पेट्रोल घाल की!"

"इंजिनाला टर्बो बसवलाय, आणि तो या इथेनॉलवरच जुळवून घेतलाय. पेट्रोलवर पळवली तर इंजिन आतून ठोकायला लागेल."

"कशाला हा उपद्व्याप, बाबा?"

"ताकद वाढते. आता अख्खं घर ओढून नेईल!"

"आणि आत्ता काय ओढतोयस?"

"अंगठी."

"धन्य आहेस! बरं, हे जाऊन-येऊन पुरेल?"

"जाण्यापुरतं आहे."

"ती हो म्हणाली तर?"

"तिथंच राहीन."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तरी तिथंच राहावं लागेल."

आर्डिसबाईंचं भजन थांबलं. त्यांनी हातातला कॅन पुढं केला.

"घे रे बाळा, हाही भर. परतीला होईल."

"घे की, लायल! काकू एवढ्या मायेनं देतायत."

"नको, काकू. परतीचं सोबत असलं ना, तर मी अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरेन."

आर्डिसबाईंनी कॅन मागं घेतला आणि भजनाचं पुढचं कडवं मोठ्यानं उचललं. ड्वेननं हौद्यावर ठेका धरला.